गुडघा की क्लच?

वर्कशॉपमध्ये गाडी आली की ड्रायव्हर जॉब कार्डवर तक्रार लिहून देतो. माझ्या 24 वर्षांच्या ईएमईच्या नोकरीत सगळ्यात जास्त वेळा वाचलेली तक्रार म्हणजे ‘क्लच हार्ड’. फक्त दोन शब्द. लेहला तेच, बिकानेरला तेच, तेजपूरलाही तेच. ड्रायव्हर बंगाली असो, शीख असो की आपला मराठा, लिहिणार ‘क्लच हार्ड’ आणि चावी टेबलावर ठेवून चहाला जाणार.

या दोन शब्दांवरून मेकॅनिकला जवळजवळ काहीच कळत नाही. दिवा लागत नाही म्हटलं तर तो लागत नाही, दोघांनाही दिसतं. जड म्हणजे कशापेक्षा जड? कालच्यापेक्षा, शेजारच्या गाडीपेक्षा, की काल रात्रभर गाडी चालवून दुखावलेल्या पायाला वाटतं तेवढं? त्यात क्लच एका रात्रीत जड होत नाही. दर महिन्याला थोडा थोडा होतो आणि पायही दर महिन्याला थोडा जास्त जोर लावायला शिकतो. रोज तीच गाडी चालवणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘ठीक है उस्ताद, ऐसा ही है.’ दोन महिने रजेवर जाऊन आलेला ड्रायव्हर मात्र पहिल्याच दिवशी येऊन सांगतो की काहीतरी बिघडलंय. म्हणून मी नेहमी रजेवरून आलेल्याचं आधी ऐकायचो. त्याचा पाय जुनं विसरलेला असतो.

बिकानेरला असताना जिप्सींचे क्लच असेच ओळीने जड व्हायचे. जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक पोलादी तार, तिच्यावर आवरण, सायकलच्या ब्रेकसारखं. वाळवंटातली बारीक रेती त्या आवरणात शिरते, वंगणाला चिकटते आणि तार आतल्या आत घासू लागते. नवीन आलेली पोरं लगेच गिअरबॉक्स उतरवायला निघायची. मी त्यांना आधी केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडायला सांगायचो. टोक सुटलं, आता पेडल दाबून बघ. अजूनही जड आहे? मग आत काही नाही, केबल बदल. अर्ध्या तासाचं काम. हलकं झालं? मग पुढे बघू.

साखळी मधोमध तोडायची आणि दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं. बाकी सगळं त्याच्यापुढचं. हीच रीत मला पुढे वेलिंग्टनला एका वेगळ्याच गाडीवर वापरायला मिळाली. त्या वेळी साखळीत गाडीच्या भागांबरोबर एक माणसाचा गुडघाही होता.

निलगिरीतलं वेलिंग्टन बहुतेक फौजी वाचकांना माहीत आहे. मद्रास रेजिमेंटचं सेंटर तिथेच, डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजही तिथेच. शेजारच्या कुन्नूरला निवृत्त अधिकारी बरेच. फील्ड मार्शल माणेकशाही निवृत्तीनंतर कुन्नूरलाच राहिले आणि 2008 साली वेलिंग्टनलाच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. मी तिथे गेलो तो त्यानंतर दोनेक वर्षांनी, हवालदार म्हणून. अशा गावात जुन्या गाड्याही दिसतात. चहाच्या मळ्यांवरचे जुने मालक जाताना गाड्या विकून गेले आणि हौशी माणसांनी त्या घेतल्या.

त्यातलीच एक एमजीबी. आताची पोरं एमजी म्हटलं की हलोलला बनणारी मोठी गाडी डोळ्यांसमोर आणतात. ही ती नव्हे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. एमजीबी हे मॉडेल इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 पासून 1980 पर्यंत बनलं. दोन माणसांची, उघड्या टपाची, 1798 सीसी इंजिनाची बुटकी स्पोर्ट्स कार. जगभरात पाच लाखांच्या वर निघाल्या, पण आपल्याकडे अगदी मोजक्या. मी जिच्याबद्दल सांगतोय ती गर्द हिरवी होती. तिचे मालक मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक कर्नलसाहेब. मूळचे पुण्याचे, वय त्या वेळी सत्तरीच्या आसपास. डावा गुडघा 1971 च्या लढाईपासून दुखरा. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

त्यांची ओळख कँटीनच्या रांगेत झाली. मी मोबाइलवर घरी बोलत होतो. मागून आवाज आला, “कुठला रे तू? सातारा?”

“होय साहेब. कोरेगाव तालुका.”

“ट्रेड?”

“व्हेइकल मेकॅनिक, साहेब.”

साहेब जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “एक गाडी विकायचीय मला. विकण्यापूर्वी कोणीतरी आपल्या माणसाने तिच्याकडे बघावं असं वाटतं. येशील?”

आमच्या ओसी साहेबांची परवानगी काढून मी रविवारी त्यांच्या बंगल्यावर गेलो. वर्कशॉपचं एकही हत्यार किंवा नटबोल्ट न्यायचा नाही ही अट ओसी साहेबांनी घातली आणि ती बरोबरच होती. माझी स्वतःची पान्यांची पेटी होती, शिवाय कर्नलसाहेबांच्या पोर्चमध्ये इंच मापाच्या पान्यांचा पूर्ण संच होता. जुन्या इंग्लिश गाडीला मिलिमीटरचे पाने चालत नाहीत.

गाडी विकायचं कारण म्हणजे क्लच. गेलं दीड वर्ष तो जड होत चालला होता. मॅडम म्हणाल्या, “मेट्टुपाळयमहून घाट चढून आले की हे दोन दिवस जिना चढत नाहीत.” मुलगा परदेशात. तो फोनवर म्हणायचा, बाबा, ऑटोमॅटिक गाडी घ्या. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं होतं की गुडघ्याची गादी झिजली आहे आणि हे वाढतच जाणार. एका गॅरेजवाल्याने गाडी चालवून बघितली होती. त्याचं म्हणणं असं की क्लच प्लेट संपली, प्रेशर प्लेटसकट सगळा संच इंग्लंडहून मागवा. आणि एमजीबीत क्लच बदलायचा म्हणजे इंजिनच बाहेर काढावं लागतं. खर्चाचा आकडा ऐकून साहेबांनी ठरवलं की एवढा पैसा घालून शेवटी गुडघा तोच राहणार असेल, तर गाडी गेलेली बरी. मुंबईचा एक गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात येणार होता.

मी आधी त्यांना बोलू दिलं. नेमकं कधी जड लागतं?

“बाजारात जाताना फारसं नाही. घाटात लागतं. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून पाय भरून येतो. सकाळी जास्त, दुपारी कमी. थंडीत तर विचारू नकोस. आणि हल्ली दुसरा गिअर टाकताना करकर होते. पाय पूर्ण जात नसणार माझा.”

यातली एकेक गोष्ट बघा. घाटात जास्त दुखतं, गुडघ्याला जुळतं. सकाळी आणि थंडीत जास्त, तेही जुळतं. आपल्यातल्या कितीतरी पेन्शनरांना हे सांगायला नको. गिअरची करकर पाय अर्धवट गेल्यामुळे, हेही जुळतं. सत्तरीच्या माणसाने स्वतःच्या शरीराला दोष द्यावा यासाठी एवढं पुरेसं होतं. त्यांनी तो देऊन टाकला होता.

मग ते म्हणाले, “आणि एक. पाय काढला तरी गाडी लगेच पकडत नाही. इंजिन क्षणभर मोकळंच फिरतं, मग पकडते. त्यावरूनच तो गॅरेजवाला म्हणाला, प्लेट घसरतेय.”

ही गोष्ट मात्र गुडघ्याला जुळत नव्हती. पाय काढून घ्यायला जोर लागत नाही. पाय पेडलवरून निघून गेला, तरी क्लच मागे यायला वेळ घेतोय, म्हणजे पेडल आणि क्लचच्या मध्ये कुठेतरी काहीतरी अडतंय.

इथे क्लचचं काम थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लच प्लेट असते. बशीच्या आकाराची एक जाड पोलादी स्प्रिंग प्रेशर प्लेटमार्फत तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. हा दाब शेकडो किलोंचा असतो. पायाने तेवढा जोर लावणं शक्य नाही, म्हणून मध्ये युक्त्या असतात. पेडल म्हणजे एक तरफ. पेडलची दांडी मास्टर सिलिंडरमधलं तेल ढकलते. ते तेल नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी असलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जातं. तो मास्टरपेक्षा रुंद, म्हणून तिथे जोर वाढतो, पण हालचाल कमी होते. स्लेव्ह एक फोर्क ढकलतो, तो दुसरी तरफ. फोर्क रिलीज बेअरिंग पुढे नेतो आणि बेअरिंग त्या बशीसारख्या स्प्रिंगच्या मध्यावर दाब देतं. स्प्रिंग उलटते, प्लेट मोकळी होते.

मास्टरकडून येणारी नळी धातूची असते, पण शेवटचा वीतभर तुकडा रबरी. कारण इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी पायांवर बसलेले असतात आणि चालताना डुलतात. तिथे धातूची नळी ठेवली तर तुटेल.

या साखळीत जडपणा तीन तऱ्हेने येतो आणि तिन्हींची वागणूक वेगळी असते.

पहिला स्प्रिंगचा. प्लेट झिजली की त्या बशीसारख्या स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडल जड होतं. त्यामुळे गॅरेजवाल्याचा संशय अगदीच हवेत नव्हता. पण स्प्रिंगचा जडपणा प्रामाणिक असतो. जेवढा जोर घेते, जवळजवळ तेवढ्याच जोराने पाय मागे ढकलते. हळू दाबा, झटकन दाबा, फरक नाही.

दुसरा घासण्याचा. पेडलची बुश कोरडी, फोर्कचा खिळा गंजलेला किंवा सिलिंडरच्या आत गंज. यात दाबताना जड, पण येताना पेडल मरगळलेलं. वाटेत थांबलं तर थांबूनच राहील.

तिसरा चोंदलेल्या वाटेचा. इंजेक्शनची सिरिंज आठवा. बारीक सुईतून औषध हळू ढकललं तर बोटाला काही वाटत नाही. घाईने ढकलायला गेलं की दट्ट्या दगडासारखा लागतो. यात हळू दाबलं तर पेडल नेहमीसारखं, झटकन दाबलं तर जड. आणि सोडल्यावर सावकाश वर येणार, कारण तेलाला त्याच बारीक वाटेने परत यायचं असतं.

आता साहेबांचं बोलणं परत वाचा. बाजारात, सपाट रस्त्यावर माणूस निवांत गिअर बदलतो. घाटात वळणाच्या तोंडाशी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर झटकन यावं लागतं. थंडीत ब्रेक ऑइल घट्ट होतं. झटकन दाबल्यावर तेल पोचायच्या आत गिअर टाकला तर प्लेट पूर्ण सुटलेली नसते, मग करकर. पाय काढल्यावर तेल मागे यायला वेळ, मग उशिरा पकड. सगळं जुळत होतं, शेवटचं धरून.

पण जुळतं म्हणून तेच असेल असं धरायचं नाही, हे वर्कशॉपने शिकवलेलं. मोजायचं. आणि मोजताना साहेबांचा पाय मध्ये नको, माझाही नको.

मी मॅडमना विचारलं, “मॅडम, बाथरूममध्ये वजनकाटा आहे का?”

त्यांनी आणून दिला. एक हातभर लाकडी दांडा घेतला. पुढच्या टोकाला खाच पाडून तो पेडलवर बसवला, मागच्या टोकाला एक फळी ठोकली. फळीवर वजनकाटा उभा धरला आणि काट्यावर दोन्ही तळवे ठेवून मी दार उघडून, गाडीबाहेर गुडघ्यावर बसून ढकलायला लागलो. टप उघडं असल्यामुळे साहेबांना वरून आकडा वाचता येत होता. आधी पाच अंक मोजत सावकाश दाबलं. काटा 15 किलोच्या आसपास राहिला. चार वेळा केलं, चारही वेळा तेवढाच. मग ‘एक’ म्हणताच एका दमात दाबलं. काटा 25 च्या पुढे उडाला. परत केलं, परत तसंच. सोडल्यावर पेडल वर यायला आम्ही मोठ्याने मोजलं: एक, दोन, तीन.

साहेब वाकून काट्याकडे बघत होते. मी म्हटलं, “साहेब, काट्याला गुडघा नसतो.”

ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि चष्मा घालून परत आले.

पंधरा किलो हे अशा जुन्या गाडीला फार नाही. म्हणजे स्प्रिंग आपल्या जागी ठीक होती. तरी घसरण्याची शंका मिटवायला आम्ही गाडी चढावर नेली. वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दिला. प्लेट घसरत असेल तर इंजिनचे फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही. इथे इंजिन हुंकार देत गाडीला घेऊन वर गेलं, दोन्ही काटे बरोबरीने. प्लेटमध्ये जीव होता.

आता साखळी तोडायची. पहिला तोड सगळ्यात सोपा. बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरची दांडी पेडलला जोडणारी क्लेव्हिस पिन काढली. पेडल एका बोटाने हललं, आपल्या स्प्रिंगने मागे आलं. बुश कोरडी नाही. पेडल सुटलं दोषातून. पिन परत घातली.

दुसरा तोड खाली, स्लेव्ह सिलिंडरपाशी. तिथे हवा काढायची निपल असते. तिला पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडलं आणि निपल मोकळी केली. आता पेडलच्या वाट्याला ना स्प्रिंग, ना फोर्क, ना बेअरिंग. तेल सरळ बाटलीत जायला मोकळं. साहेबांच्या माळीबुवांचा मुलगा पेडलवर बसवला. तो म्हणाला, “टाइट इरुक्कु अण्णा.” घट्टच आहे. बाटलीत तेलाची बारीक धार.

इंजिनच्या बाजूचं सगळं एका फटक्यात निर्दोष सुटलं होतं. निपल मोकळी असताना गिअरबॉक्सच्या आतलं काहीही पेडल जड करू शकत नाही. ज्या कामासाठी इंजिन बाहेर काढायचं होतं, त्या कामाची गरजच उरली नाही. तरी निपलचं भोकही बारीक असतं, थोडा अडथळा त्याचाही असू शकतो. म्हणून रबरी नळी स्लेव्हकडून सोडली. तरीही घट्ट. शेवटी तीच नळी वरच्या टोकाला, धातूच्या नळीपासून सोडली आणि खाली डबा धरला. पोराने पेडल दाबलं आणि तेल डब्याच्या तळावर सपकन आपटलं. थोडं माझ्या बाहीवर आलं. पेडल पार तळाला.

मास्टर ठीक, धातूची नळी ठीक. राहिला वीतभर रबराचा तुकडा.

बाहेरून तो काळाभोर, भेग नाही, फुगवटा नाही. कोणी बघून त्याला दोष दिला नसता. पंपाने हवा सोडून दुसरं टोक पाण्यात धरलं तर एकेक बुडबुडा, मोजता येईल असा. मग करवतीने उभा चिरला. आतलं रबर फुगून एकमेकांना टेकायला आलं होतं. मध्ये उरली होती ती सुईच्या नेढ्याएवढी वाट. साहेबांनी सांगितलं की गाडी घेतली तेव्हापासून, म्हणजे पंचवीसेक वर्षांत, ही नळी बदललेली नव्हती. ब्रेकचे होज दोनदा बदलले, कारण ब्रेकची भीती असते. क्लचच्या होजची कोणाला आठवण होत नाही.

नवीन नळी इंग्लंडहून मागवली. तिच्यापेक्षा पाठवणावळ जास्त लागली. तीन आठवड्यांनी आली. पुढच्या रविवारी ती बसवली, सगळं जुनं तेल काढलं, नवीन भरलं, हवा काढली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं, नुसतं कमी झालं की वर ओतायचं नाही. आणि त्यात चुकूनही इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल घालायचं नाही, त्याने ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं रबर फुगतं. ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, नाहीतर रंग सोलून निघतो. हे सगळं मी पोराला करता करता सांगितलं, तो पुढे पॉलिटेक्निकला जाणार होता.

मग परत दांडा, फळी आणि वजनकाटा. सावकाश दाबलं, 15. झटकन दाबलं, 17. सोडलं, पेडल हातामागून धावत वर आलं.

साहेब एकटेच गाडी घेऊन गेले. मी आणि मॅडम पोर्चमध्ये चहा घेत बसलो. पाऊण तासाने गाडी वळणावरून येताना ऐकू आली. इंजिनच्या आवाजावरून गिअर कळत होता. तिसरा, मग स्वच्छ दुसरा, मध्ये करकर नाही. मॅडमनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता आत जाऊन पोह्यांची बशी घेऊन आल्या. साहेब उतरले. पाय किंचित ओढतच उतरले, ते मी बघितलं. गुडघा दुखरा होताच. डॉक्टरांचा एक्स-रे खोटा नव्हता.

साहेब म्हणाले, “दुखतो. पण दुखतो तेवढाच दुखतो.”

मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्यांनी फोन करून नाही सांगितलं. मुलालाही फोन केला आणि त्याला नळीची, वजनकाट्याची सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. मी निघालो तेव्हा फोन चालूच होता.

मी वेलिंग्टन सोडल्यावर तीन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. गाडी विकली होती. जिना चढणंच बंद झालं होतं, ऑपरेशनची तारीख मिळाली होती. कोईमतूरच्या एका तरुण डॉक्टरने गाडी घेतली. पत्रात तक्रार नव्हती. त्यांनी लिहिलं होतं की गाडी देताना चिरलेल्या नळीचे दोन तुकडेही डब्यात घालून दिले आणि कशासाठी ते समजावून सांगितलं. ती मधली तीन वर्षं त्यांना मिळाली होती. कोटागिरीला कितीदा गेले, मॅडमना घेऊन एकदा उटीहून कल्लट्टीची 36 वळणं उतरून मसिनगुडीला कसे गेले, हे सगळं त्यांनी तारखांसकट लिहिलं होतं.

माझ्याबरोबरचे आता बहुतेक सगळे पेन्शनवर आहेत. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, कोणाचं कानाने कमी ऐकणं. गावी भेटलो की प्रत्येकाची गोष्ट एकच, आता पूर्वीसारखं होत नाही. ते खरंच आहे. पण स्कूटरचा ब्रेक घट्ट लागतोय, रहाटाचा दोर जड झालाय, ट्रॅक्टरचा क्लच आताशा पायाला झेपत नाही, असं कोणी म्हणालं की मी आधी केबल, दोर, नळी बघतो. दुसऱ्याला दाबायला लावतो. शक्य असेल तर वजनकाटा लावतो. पाच मिनिटांचं काम आहे. गेल्या दिवाळीत आमच्या एका सुभेदारसाहेबांचा ट्रॅक्टर असाच बघितला. तो विकायला काढला होता. क्लचच्या फोर्कचा खिळा गंजला होता. डिझेलने धुऊन ग्रीस मारलं. या हंगामात ते स्वतः नांगरतायत.